आमोर्गोसच्या डोंगरगावात निवांत सुट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीसच्या आमोर्गोस बेटावर, एग्याली बंदराच्या डोक्यावर, डोंगरात लंगादा आणि थोलारिया अशी दोन पांढरी गावं आहेत. आम्ही नवरा-बायको तिथे तीनदा राहून आलो. एकदा मे महिन्यात, एकदा सप्टेंबरात आणि एकदा, कोणाचंही न ऐकता, ऑगस्टात. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे तेच ते प्रश्न पाठवत आहेत. एकच उत्तर दहादा लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे आमोर्गोस नक्की आहे कुठे? सँटोरिनीच्या बाजूलाच ना?

बाजूला म्हणावं इतकं जवळ नाही. एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस बेटांच्या पूर्व टोकाला हे बेट आहे. लांबट, चिंचोळं, पाठीच्या कण्यासारखा डोंगर मधून गेलेला. क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस किलोमीटर आणि कायमची वस्ती दोन हजारांच्या आसपास. विमानतळ नाही, आणि बेटाचा निवांतपणा टिकून राहण्याचं निम्मं श्रेय त्यालाच आहे. बेटाची मुख्य वस्ती म्हणजे खोरा. हे गाव मध्यभागी उंचावर आहे. खाली कातापोला हे बंदर, आणि उत्तरेला एग्याली हे दुसरं बंदर. लंगादा आणि थोलारिया ही एग्यालीच्या खाडीकडे पाहणारी गावं, एक उजवीकडच्या उतारावर, एक डावीकडच्या.

२. तिथे बघायचं काय काय? किती दिवसांत ‘होतं’?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि ‘होतं’ हा शब्द वाचला की मी थोडा सावध होतो. यादी घेऊन टिक करत जाणाऱ्यासाठी हे बेट दीड दिवसात ‘होतं’. होझोविओतिसाचा मठ (प्रश्न १४), खोरा, कातापोलाच्या वरचे प्राचीन मिनोआ शहराचे अवशेष, दक्षिण टोकाकडे १९८० साली फुटलेल्या ‘ओलिंपिया’ बोटीचा गंजका सांगाडा. संपलं.

आमचा लंगादामधला दिवस असा जायचा. सकाळी आठला कोपऱ्यावरच्या काफेनियोत ग्रीक कॉफी. तिथे आधीपासून चार म्हातारे बसलेले, त्यांच्यापुढे एकेक छोटा कप आणि तासाभराचा वाद. दहाच्या आत डोंगरवाटेने थोलारियाकडे किंवा खाली समुद्राकडे. एकला परत. जेवण. मग झोप. साडेपाचनंतर गल्लीत खुर्च्या बाहेर येतात, मांजरं भिंतीवर येतात, कोणीतरी चुन्याच्या बादलीत ब्रश बुडवून पायऱ्यांच्या कडा रंगवायला घेतं. रात्री नऊला जेवण. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे वाचून ‘बरं, पण करायचं काय?’ असंच मनात आलं असेल, तर नाक्सोस किंवा पारोसला जा. तीही सुंदर बेटं आहेत आणि तिथे हालचाल भरपूर आहे. वाचून खांदे सैल झाले असतील, तर किमान सहा रात्री काढा. पहिले दोन दिवस हात मोबाइलकडे जात राहतो, त्यामुळे ते धरू नका.

३. कोणत्या महिन्यात जावं? मुलांच्या शाळेच्या सुट्टीत जमेल का?

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी याला बरोबर जुळते. मेमध्ये डोंगरावर अजून हिरवळ आणि रानफुलं असतात, पण समुद्राचं पाणी गार. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असेल तर पहिल्या डुबकीला किंकाळी ठरलेली. सप्टेंबरात उलट होतं : डोंगर वाळून पिवळा पडलेला, पाणी मात्र उन्हाळाभर तापून छान झालेलं.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. तोवर बहुतेक खोल्या आणि खानावळी कुलपं लावून बसलेल्या असतात, बोटीही कमी होतात.

ऑगस्टात अर्धं अथेन्स आपापल्या गावी परततं. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात जातात, तसंच. खोल्या महाग, गल्लीत गोंगाट, पहाटेपर्यंत व्हायोलिन. मजा येते, पण निवांत म्हणता येणार नाही. ईस्टरचा आठवडा फार देखणा असतो. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या ईस्टरची तारीख आपल्याकडच्या कॅलेंडरातल्या ईस्टरपेक्षा बहुधा वेगळी असते : २०२७ मध्ये २ मे, २०२८ मध्ये १६ एप्रिल. त्या दिवसांत खोली फार आधी धरावी लागते.

४. मुंबईहून पोचायचं कसं?

विमानाने अथेन्स, आखातातल्या एखाद्या शहरात किंवा इस्तंबूलला बदलून. विमानतळावरून मेट्रोची ३ क्रमांकाची लाइन थेट पिरेआस बंदराला जाते. साधारण तासभर लागतो, तिकीट ९ युरो. पिरेआसहून मोठी फेरीबोट आमोर्गोसला सात ते नऊ तासांत पोचवते, वाटेत किती बेटं घेते त्यावर वेळ ठरतो. काही बोटी भल्या सकाळी सुटतात. त्यासाठी रात्र पिरेआसलाच काढा, किंवा विमान रात्री उतरत असेल तर चोवीस तास चालणारी एक्स ९६ ही बस घ्या.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो : आधी नाक्सोस, तिथे एक रात्र, आणि मग ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट. ती इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसिया अशी चिमुकली बेटं घेत आमोर्गोसला येते. तिच्यावर भाजीच्या पेट्या असतात, गॅसचे सिलिंडर असतात, शहरातल्या डॉक्टरकडून परतणाऱ्या आज्या असतात. आपल्या एसटीसारखीच आहे ती. वारा असला की मात्र भरपूर डोलते. उलटीची गोळी चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, नंतर उपयोग नाही.

५. तिकिटावर कातापोला घ्यायचं की एग्याली?

लंगादा-थोलारियाला राहणार असाल तर एग्याली. ही क्षुल्लक बाब वाटते, पण पहिल्या खेपेला आम्ही तिकीट न वाचता कातापोलाला उतरलो. रात्रीचे साडेबारा, धक्क्यावरची गर्दी पाच मिनिटांत पांगलेली, शेवटची बस गेलेली. घरमालकीण तिकडे एग्यालीच्या धक्क्यावर आमच्या नावाची पाटी धरून उभी. दोन बंदरांमध्ये डोंगरातला वळणाचा रस्ता आहे, गाडीने अर्धा-पाऊण तास. टॅक्सी मिळाली, पण पैसे देताना नवरा-बायकोत जे संभाषण झालं ते इथे देत नाही.

आणखी एक : सगळ्याच बोटी दोन्ही बंदरांना लागत नाहीत, आणि लागल्या तरी क्रम बदलतो. भोंग्यावर बंदराचं नाव नीट ऐका. उतरणाऱ्यांनी आधीच खाली गाडीतळावर, सामानापाशी येऊन थांबायचं असतं. दरवाजा पडला की बोट फार वेळ थांबत नाही.

६. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर? पैसे बुडतात?

जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र उसळलेला. साधारण ८ बोफर्टला (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) मोठ्या बोटीही बंदरात थांबवतात, छोट्या आणि वेगवान बोटी त्याआधीच. हा हुकूम बंदर खात्याचा असतो, त्यामुळे तिकीटवाल्याशी वाद घालून काही होत नाही. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीचं तिकीट मिळतं.

तुमचं परतीचं विमान मात्र कोणी थांबवत नाही. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, किमान दोन दिवस आधी बेट सोडा. उरलेला वेळ अथेन्समध्ये घालवा, तिथे वेळ घालवणं अवघड नाही.

७. व्हिसा कोणता? छोट्याशा गावाचं बुकिंग चालतं का?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, पण उन्हाळ्यात शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो. गावातल्या घरगुती खोलीचं बुकिंग चालतं. मालकाकडून तारखा, पत्ता आणि पासपोर्टवरची नावं असलेला कागद मागून घ्या. ग्रीसबरोबर इटली वगैरे जोडत असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली, म्हणून अथेन्सला उतरल्यावर रांगेसाठी वेळ हाताशी ठेवा.

८. राहायला कसं असतं? हॉटेल की घर?

गावात हॉटेलं थोडी, भाड्याच्या खोल्या जास्त. त्यांना ‘दोमात्या’ म्हणतात. पांढऱ्या भिंती, निळं दार, एक पलंग, छोटा फ्रिज, दोन शेगड्या आणि द्राक्षवेलीखाली एक टेबल. मालकीण बहुधा वरच्या मजल्यावर किंवा शेजारी राहते. सकाळी दाराशी अंजिरं किंवा लिंबं ठेवलेली दिसली तर ती तुमच्यासाठीच आहेत.

बुकिंगच्या रकमेखेरीज सरकारचा एक रोजचा कर खोलीमागे द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तो एक-दोन तारांकित हॉटेलला रात्रीला २ युरो, तीनला ५, चारला १०, पाचला १५ असा आहे. भाड्याच्या खोल्यांचा दर वेगळा असतो, आधी विचारून घ्या. कर तिथेच भरायचा असतो, आणि मालकीण फसवत नसते.

९. दुपारी सगळं गाव बंद का? दार वाजवलं तर चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

उन्हाळ्यात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ हे ग्रीसमध्ये कायद्याने शांततेचे तास आहेत. शहरात तो कायदा थोडा वाकतो, गावात नाही. पहाटे पाचला बकऱ्यांमागे गेलेला माणूस, दहापर्यंत खोल्या झाडून मग स्वयंपाक केलेली बाई, असे सगळे त्या वेळी झोपलेले असतात. आपण ज्या शांततेसाठी एवढे पैसे खर्चून आलो ती त्यांची वामकुक्षी आहे. पुण्याच्या वाचकांना अधिक समजावून सांगायची गरज नसावी.

त्या वेळात चाकांची बॅग दगडी गल्लीतून ओढायची नाही, मुलांना चौकात चेंडू द्यायचा नाही, व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना मोठ्याने ‘बघा, बघा काय व्ह्यू आहे’ सांगायचं नाही. आम्ही ऑगस्टात गेलो तेव्हा सोबतच्या मावशींनी छोटा कुकर आणला होता. सव्वातीनला पहिली शिट्टी झाली आणि समोरची खिडकी उघडली. कोणी काही बोललं नाही. एका आजींनी नुसतं पाहिलं. दुसरी शिट्टी झाली नाही.

१०. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी मरू का?

उलट चंगळ होईल, फक्त काय मागायचं ते कळायला हवं. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांना ‘लादेरा’ म्हणतात : टोमॅटोतल्या फरसबीच्या शेंगा म्हणजे फासोलाक्या, वांगं-बटाटा-झुकिनीची भाजलेली मिसळण म्हणजे ब्रियाम. ‘यिगान्तेस’ म्हणजे आपल्या पावट्याचे थोरले भाऊ, टोमॅटोत भाजलेले. ‘फावा’ म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वरून तेल, कांदा, लिंबू. फोडणीआधीचं घट्ट वरण समजा. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेली पालेभाजी. उन्हाळ्यात तिच्यात ‘व्लिता’ असते, आणि ती आपल्या माठाचीच बहीण आहे. लिंबू पिळून, भाकरीऐवजी पावाबरोबर. पहिल्या दिवशी माझ्या बायकोने वाटी पुसून खाल्ली.

सावध राहायचं ते भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांच्या ‘येमिस्ता’बाबत. कुठे नुसता भात असतो, कुठे खिमा. विचारायचं ‘होरीस किमा?’, म्हणजे खिम्याशिवाय ना? हा ‘किमास’ आणि आपला खिमा एकाच तुर्की शब्दाची लेकरं, त्यामुळे पाठ करावा लागत नाही. बेटाचा प्रसिद्ध पदार्थ ‘पतातातो’ नावाने बटाट्याचा वाटतो, बटाटा असतोही, पण बकरीच्या मांसाबरोबर. मांसाहारी असाल तर तोच मागवा.

११. मेन्यूवर ‘निस्तीसिमो’ लिहिलं असेल तर डोळे मिटून खावं का? जैन जेवण मिळेल का?

डोळे उघडे ठेवा. निस्तीसिमो म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स उपासात मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य असतं, नेहमीचे मासेही. पण ज्यांना रक्त नाही असं मानलं जातं ते ऑक्टोपस, माकूल, कोळंबी चालतात. आपल्याला साबुदाणा चालतो आणि गहू चालत नाही हे त्यांना समजावता येणार नाही, तसंच हे. ऑगस्टच्या पहिल्या चौदा दिवसांत मरियेचा उपास असतो. त्या काळात बिनमांसाचे पदार्थ जास्त मिळतात, पण प्रत्येक वेळी ‘थालासिना’ म्हणजे समुद्रातलं काही आहे का, ते विचारा.

जैन जेवण तयार मिळणार नाही. कांदा-लसूण सकाळीच सगळ्यात पडलेला असतो. साधी होर्ता, कांदा न घालता ग्रीक सॅलड, फळं, दही आणि खोलीतली शेगडी, यावर निभतं. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेलं विरजण, असण्याची शक्यता मोठी. ज्यांना ते चालत नाही त्यांनी फेटा चीजही टाळावं.

१२. घरून खायला काय नेता येतं?

मेमध्ये जाणारा प्रत्येक जण हापूसची पेटी न्यायचं म्हणतो. नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं-भाज्या रोगमुक्ततेच्या सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढेच अपवाद. म्हणजे नारळ नेता येतो आणि आंबा नाही. कढीपत्ताही नाही. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. पोहे, चटणी, मसाले, मेतकूट, लाडू (तुपाबाबतची शंका नको असेल तर तेलातले) घ्या. तांदूळ, डाळ, बटाटे गावच्या दुकानात मिळतात.

१३. नळाचं पाणी प्यायचं का? आणि ते टॉयलेटचं खरं आहे का?

पिण्याचं पाणी विकतचं घ्या किंवा घरमालकिणीला विचारा. पाणी इथे दुर्मीळ आहे, दहा मिनिटं शॉवर सोडून गाणी म्हणू नका. आणि हो, खरं आहे : कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा. मलवाहिन्या अरुंद असतात, तुंबतात. आपल्या सवयीची जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी नसते. एक मग न्या.

१४. मठात जायला काय नियम आहेत?

होझोविओतिसा खोराच्या खाली, समुद्राकडच्या कड्यात आहे. लांबून पाहिलं तर कोणी तिनशे मीटरच्या कातळावर चुन्याचा एक फटकारा ओढला असावा असं दिसतं. बायझंटाइन सम्राट आलेक्सियोस कोम्निनोस याने १०८८ मध्ये मठाला सनद दिली. इमारत उंच आणि लांब असली तरी पुढून मागपर्यंत जेमतेम पाच मीटर, कारण मागे कातळ आहे. आत जिने इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं.

पायथ्यापासून तीनशेहून जास्त पायऱ्या, सावली नाही. सकाळीच जा, दुपारी मठही झोपतो (प्रश्न ९). पुरुषांना लांब पँट, बायकांना गुडघ्याखाली स्कर्ट किंवा कपडा गुंडाळून, खांदे झाकलेले. इथे एक गोची आहे : बायकांची पँट मठात कधी चालवून घेतात, कधी नाही. सलवार-कमीज घातलेल्या माझ्या बायकोला कोणी अडवलं नाही, ओढणी तर फारच उपयोगी पडली. पण खात्री हवी तर एक मोठी ओढणी कमरेला गुंडाळायला ठेवा.

दर्शन झालं की भिक्षू पाहुण्यांना लुकुमी (पिठीसाखरेत घोळलेली मऊ मिठाई) आणि इवलासा ग्लास देतात. ती ‘प्सिमेनी राकी’ असते, साखर किंवा मधात दालचिनी-लवंग घालून उकळलेली. वास आपल्या मसाल्याच्या डब्याचा, पण दारू आहे. नको असेल तर हात छातीवर ठेवून मान झुकवा, कोणी आग्रह करत नाही.

१५. गाडी भाड्याने घ्यावी का? भारतीय परवाना चालतो का?

नुसता भारतीय परवाना चालत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून, १,००० रुपये शुल्कात, एका वर्षासाठी मिळतो. तिथे पोचून मिळत नाही. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, वळणं घाटातली, वाऱ्याचे झोत आणि मध्येच बकऱ्या. आठवड्यातून दोन दिवस घ्या, रोज गरज नाही. उन्हाळ्यात एग्याली, लंगादा, थोलारिया अशी बस फिरते. वेळापत्रक थांब्यावर चिकटवलेलं असतं. महिना बदलला की तेही बदलतं, म्हणून फोटो काढताना वरची तारीख बघा.

१६. चालायच्या वाटा कितपत अवघड आहेत? आईचे गुडघे दुखतात.

आईसाठी आधी सांगतो : लंगादा सगळं पायऱ्यांचं आहे. गाडी गावाच्या तोंडाशी थांबते, पुढे पायी. गुडघ्यांचा त्रास असेल तर खाली एग्यालीत, सपाटीवर खोली घ्या आणि संध्याकाळी बसने वर या.

वाटा जुन्या खेचरांच्या, दगड बसवलेल्या, खुणा रंगवलेल्या. लंगादा-थोलारिया-एग्याली हा फेरा कोणालाही जमेल. लंगादाहून थेओलोगोसच्या चर्चपर्यंत चढ आहे पण वाट नीट आहे. त्याच्या पुढे स्ताव्रोसकडे जाताना एका बाजूला कडा येतो, उंचीची भीती असेल त्यांनी थेओलोगोसवरूनच परतावं. मठापासून एग्यालीपर्यंतची ‘पालिया स्त्राता’, म्हणजे जुनी वाट, चार-पाच तासांची आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना चढ किरकोळ वाटेल, ऊन मात्र नाही वाटणार. झाड नाही, टाकं नाही, लिंबू सरबतवाला नाही. माणशी दोन लिटर पाणी. वाटेत फाटक लागलं तर उघडून पुन्हा लावायचं. पलीकडे कोणाच्या तरी बकऱ्या आहेत.

१७. किनारे कसे आहेत? साडी-ड्रेसमध्ये पोहलं तर लोक बघतात का?

एग्यालीचा किनारा वाळूचा आणि उथळ, मुलांना उत्तम. कोण काय घालून पोहतंय याकडे कोणी पाहत नाही. त्यातच उलटी सूचना : पुढच्या खाडीतल्या प्सिली आमोस आणि खोखलाकास या किनाऱ्यांवर लोक काहीच न घालता पोहतात. सासूबाई सोबत असतील तर एग्यालीतच थांबा. खडकांवर समुद्री साळिंदरं असतात, काटा पायात मोडतो, पाण्यातले बूट घ्या.

१८. ग्रीक येत नाही. भागेल का?

भागेल. इंग्रजी बऱ्यापैकी समजतं. पण गल्लीतून जाताना समोरच्याला नमस्कार करायचाच : दुपारपर्यंत ‘कालिमेरा’, झोपेनंतर ‘कालिस्पेरा’. न बोलता गेलात तर तुम्ही उद्धट ठरता.

मोठा गोंधळ ‘ने’ या शब्दाचा. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. ‘ओही’ म्हणजे नाही. आपल्या कानाला दोन्ही उलटं. आणि कित्येकदा ‘ओही’सुद्धा म्हणत नाहीत, भुवया उचलून जिभेने ‘च्क’ करतात. ते मात्र मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

१९. बिल, टिप आणि ‘केरास्मा’ यांचं गणित काय?

पावाचे पैसे माणशी वेगळे लागतात, पाव नको असेल तर आधीच परत करा. प्रत्येक खानावळीत एक पाटी असते : पावती दिली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही. टिप ऐच्छिक, नाणी ठेवली तरी पुरे. बिल स्वतः मागावं लागतं. तासभर कोणी फिरकलं नाही तर दुर्लक्ष समजू नका, तुम्हाला उठवणं त्यांना असभ्य वाटतं.

केरास्मा म्हणजे न मागता दिलेलं : शेवटी आलेली कलिंगडाची फोड, किंवा पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी पाठवलेली कॉफी. त्याचे पैसे देऊ करणं म्हणजे अपमान. ग्लास उचलून ‘या मास’ म्हणा. परतफेड करायचीच तर दुसऱ्या दिवशी, त्याच्या नकळत. थोडी रोकड जवळ बाळगा. एटीएम बंदरांवर आणि खोरात आहेत, वरच्या गावांत त्यावर भिस्त ठेवू नका.

२०. गावच्या जत्रेला आमंत्रणाशिवाय गेलं तर चालतं का?

चालतं, ‘पनिगिरी’ सगळ्यांची असते. २६ जुलैला बेटाच्या दक्षिणेकडे आयिया पारास्केवीची मोठी जत्रा भरते, मोठमोठ्या हंड्यांत पतातातो शिजतो आणि येईल त्याला वाढतात. १५ ऑगस्टला लंगादाच्या वर पानायियाची, म्हणजे मरियेची. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग पंगत, मग व्हायोलिन आणि लाउतो हे तंतुवाद्य. नाचाच्या साखळीत शिरताना पहिल्या माणसाजवळ जाऊ नका, ती जागा नाचाचा म्होरक्या म्हणून त्याने मिळवलेली असते. शेवटी जाऊन हात धरा. शाकाहाऱ्यांनी आधी जेवून जावं.

२१. आजारी पडलो तर? औषधं कोणती न्यावीत?

बेटावर आरोग्य केंद्र आणि औषधाचं दुकान आहे, मोठं रुग्णालय नाही. गंभीर काही झालं तर बोटीने किंवा हेलिकॉप्टरने हलवतात. विमा (प्रश्न ७) कागदापुरता घेऊ नका. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १६६. नेहमीची औषधं पुरेशी, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह न्या. आपल्याकडे खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ग्रीसमध्ये ते नियंत्रित आहे. बाटलीवरचं बारीक अक्षर घरीच वाचा.

२२. तिथे भूकंप होतात म्हणे?

होतात. ९ जुलै १९५६ ला आमोर्गोसजवळ सातहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि मोठ्या लाटा आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनी आणि आमोर्गोसच्या मधल्या समुद्रात आठवडेच्या आठवडे हादरे बसत होते. सर्वांत मोठा ५.३ तीव्रतेचा. शाळा बंद ठेवल्या, सँटोरिनीहून हजारो लोक निघून गेले. जाण्याच्या आठवड्यात बातम्या बघा. समुद्रकाठी असताना जोराचा किंवा लांबलेला हादरा बसला, तर भोंग्याची वाट न पाहता चढावर चालू लागा. वरच्या गावांत राहण्याचा हा एक न सांगितलेला फायदा.

२३. एकटी बाई राहू शकते का?

माझी चुलतबहीण नऊ दिवस राहून आली. तिची तक्रार एकच : तिसऱ्या दिवशी गावातल्या तीन बायकांनी लग्नाबद्दल विचारलं. तिला अगदी घरी असल्यासारखं वाटलं.

२४. सहाव्या दिवशी कंटाळा आला तर?

बसने खोरात जा, पवनचक्क्यांपाशी बसा, संध्याकाळी परत या. तेवढ्याने भागलं नाही तर स्कोपेलितिस बोट (प्रश्न ४) पकडून कूफोनिसियाला एक रात्र काढून या. मात्र ती सोमवार ते शनिवारच धावते, त्यामुळे कंटाळा शनिवारच्या आत यायला हवा.